मिझुकीला घडवलं कोणी, म्हातारीनं की युद्धानं?

निशाचर:
मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स काढणाऱ्या शिगेरु मिझुकीबद्दल कुठेही वाचा, सुरुवात नोननोनबा नावाच्या म्हातारीपासूनच. 1922 चा जन्म, बालपण साकाईमिनातो या बंदराच्या गावात, घरी कामाला येणारी ही गरीब म्हातारी, तिच्या योकाईंच्या म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या गोष्टी, आणि तिथून डायरेक्ट 'गेगेगे नो कितारो', त्याची भुताच्या पोराची गाजलेली मांगा. फारच गुळगुळीत स्टोरी आहे ही. अरे माणूस दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन न्यू गिनीजवळच्या राबौलकडे गेला, पहाऱ्यावरच्या तुकडीतले बाकी सगळे मेले, हा एकटा जीव वाचवून आला तर वरचे म्हणतात तू कशाला परत आलास, मग मलेरियाने पडलेला असताना बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला. आणि आपण धरून बसलोय काय, तर गोष्टी!

पिंपळपान:
युद्धातून लाखो लोक परत आले हो, मिझुकी किती झाले? छतावरचा डाग दिसला की तेंजोनामे नावाचं भूत चाटून गेलं म्हणायचं, देवळातली नरकाची चित्रं बघायची, असं त्याचं लहानपण. नंतर जंगलात जीव मुठीत घेऊन पळताना अंधारात समोर भिंतच आडवी आली असं त्याला वाटलं, आणि ती नुरिकाबे, म्हणजे भिंतीसारखं वाट अडवणारं भूत होतं असं तो सांगायचा. दुसरा कोणी असता तर थकव्याने भास झाला म्हणून मोकळा झाला असता.

फुकट सल्ला:
दोघंही पोटाचं विसरताय. कितारो मुळात त्याचा नाहीच, 1930 च्या दशकातल्या कामिशिबाईतला, म्हणजे रस्त्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगायचे त्यातला. युद्धानंतर हाही एका हाताने तीच चित्रं काढायचा, मग भाड्याने मिळणाऱ्या मांगा, तिथेही कडकी. 'मिझुकी' हे नावसुद्धा कोबेत तो चालवायचा त्या भाड्याच्या घरांच्या इमारतीचं. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचं बक्षीस मिळालं 1965 ला, तेव्हा वय 43. जे खपेल ते काढत गेला, बाकीचं आपण मागाहून चिकटवतो.

निशाचर:
@फुकट सल्ला, खपायचंच होतं तर कितारो एवढा गाजलेला असताना 1973 ला 'सोइन ग्योकुसाई सेयो' ही युद्धावरची मांगा कशाला काढली? वरून हुकूम, सगळ्यांनी मरा, आणि पोरं मरतायत. @पिंपळपान, त्यात तुमची म्हातारी कुठेय ते दाखवा.