डंपलिंगला (रश्शात शिजवायचे ते विलायती पिठाचे गोळे) आपल्यात काय म्हणायचं? आणि ते टाकायचे, घालायचे की सोडायचे?

रावपुऱ्यातली सून

मंडळी एक शंका आहे, अर्धी शब्दाची अर्धी पोटाची. नणंद लेस्टरहून आली तेव्हा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, घेऊन आली (त्याच्या चपट्या तीन पिनांना अ‍ॅडॉप्टर शोधता शोधता बडोद्याचा अख्खा मंगळबाजार पालथा घातला, ते जाऊ दे). तिनं मराठीत रेसिपी लिहून पाठवली, गाजर बटाटा कांदा मसूर टाका, पाणी टाका, डंपलिंग टाका, लो आचेवर आठ तास. मी गुणी सुनेसारखं सकाळी सगळं एकदमच टाकलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी झाकण काढलं तर गोळे गायब, आत पोस्टर चिकटवायची खळ. नणंदेला फोन केला तर म्हणे अगं वहिनी डंपलिंग शेवटी टाकायचे गं, ते कोणालाही माहीत असतं!

तर प्रश्न असा की या प्रकाराला मराठी शब्द असता तर मला आपोआप कळलं असतं का? वरणफळं म्हणायचं का याला? की मुटके?

मूळची जळगावची

ताई, वरणफळं नाही. वरणफळं म्हणजे कणकेची पोळी लाटून, कापून उकळत्या वरणात. चकोल्या म्हणा, इथे शेजारी दाळ ढोकळी करतात ती म्हणा, सगळी लाटलेली जात. तुमचं ते हातानं वळलेलं आहे, म्हणून गोळे. आमच्याकडे कढीगोळे करतात ना, भिजवलेली डाळ जाडसर वाटून. कढी चांगली उकळत असली पाहिजे, मग एकच गोळा सोडून बघायचा, तो टिकला की बाकीचे. कोमट कढीत सोडले तर तुमच्यासारखीच खळ होते, फक्त पिवळी :)

दांडियाबाजार

मुटके हा शब्द इतक्या लवकर सोडू नका. मुटका मुठीतून येतो, पीठ मुठीत दाबलं की बोटांचे ठसे उठतात तो मुटका, गुजरातीतलं मुठियाही तेच. थंडीत आपण अंगाचं मुटकुळं करून झोपतो तेही याच घरातलं. पण मुटका दाबून घट्ट करतात आणि बहुतेक नुसत्या वाफेवर उकडतात. विलायती डंपलिंगचं पीठ मात्र दाबायचंच नसतं असं ऐकून आहे, कोणी करणारं असेल तर सांगावं.

खरी गोम मला नावात दिसत नाही, क्रियापदात दिसते. नणंदबाईंनी सहाही गोष्टींना "टाका" लिहिलं. आमचे मास्तर म्हणायचे टाकतात तो कचरा, स्वयंपाकात घालतात. तेवढं सोवळं मी पाळत नाही, आणि बडोद्यात निम्मी घरं तर "डाळमध्ये मीठ नाख" (गुजरातीतलं टाक) म्हणणारी, पण मराठीनं इथे फरक करून ठेवलाय तो वापरायला काय हरकत आहे. मीठ घालतात, फोडणी देतात, वरून कोथिंबीर पेरतात किंवा भुरभुरवतात, आणि भजी तेलात सोडतात. सोडणे म्हटलं की खालचं आधीच तापलेलं आहे हे त्यात आलंच, गार तेलात भजी सोडली असं कोणी म्हणेल का? "शेवटी गोळे सोडा" एवढं लिहिलं असतं तर सूनबाईंचा मसूर वाचला असता.

अलकापुरी

मी यूकेत चार वर्षं होतो, स्ट्यू (म्हणजे हाच दाट रस्सा) हॉस्टेलवर दर आठवड्याला. काका बरोबर बोलताहेत, पीठ दाबायचं नाही आणि मळायचं पण नाही. तिथलं सेल्फ रेझिंग पीठ म्हणजे मैद्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, त्यात पिठाच्या निम्मं स्यूएट, म्हणजे बैलाच्या नाहीतर मेंढीच्या गुर्द्याभोवतीची चरबी. आपल्याकडे ते चालणार नाही, थंड बटर किसून घ्या. 100 ग्रॅम पिठाला 50 ग्रॅम, मीठ, आणि गोळा जेमतेम जुळेल इतकंच पाणी, साधारण पाच मोठे चमचे. सहा ते आठ गोळे होतात.

आणि "सोडा"वर माझी एक हरकत आहे. भजी सोडली की बुडतात, मग वर येतात. हे गोळे बुडवायचेच नसतात, दाट स्ट्यूच्या पाठीवर ठेवायचे, खालचा अर्धा भाग रश्शात शिजतो, वरचा वाफेवर फुगतो. स्ट्यू शिजत आला की कुकर हायवर करायचा, कडेनं बुडबुडे दिसले की गोळे ठेवायचे आणि झाकण लावून पाऊण तास ते तास हात लावायचा नाही. डोकावलात तर साठलेली वाफ जाते, आणि या भांड्याची आच इतकी कमी की गेलेली उष्णता परत यायला वीसेक मिनिटं सहज जातात. गोळा मधून कच्चा, चिकट राहतो तो यामुळेच. शिजला का बघायचं तर एकदाच, शेवटी, काडी घालून, कोरडी आली पाहिजे.

मूळची जळगावची

स्यूएट म्हणजे मोहनच की मग! शंकरपाळ्याला घालतो तसं, फक्त गरम न करता.

रावपुऱ्यातली सून

अर्धं शिजतं अर्धं उकडतं, मग शब्द तरी कुठून असणार याला, आपल्याकडे उकडलेल्याचं घराणं वेगळं (दिंड, मोदक, फुणके) आणि शिजवलेल्याचं वेगळं (शेंगोळे, वरणफळं). ठीक आहे, गोळे. पण मग स्लो कुकरला काय म्हणू? मिस्टर म्हणतात मंदाग्नी 😄

दांडियाबाजार

मंदाग्नी हा पोटाचा विकार आहे, त्यांना सांगा स्ट्यूआधीच नको.

मूळची जळगावची

वैल म्हणा ना! आजीच्या चुलीला बाजूला वैल होता, लाकडं घालायची चुलीत आणि तिची उरलेली धग वैलाला जायची. भाकरी चुलीवर आणि आमटी वैलावर, तासन् तास नुसती रटरट. खळखळ उकळी वैलावर कधी यायचीच नाही. तुमच्या त्या डब्यात दुसरं काय होतं, सांगा.

दांडियाबाजार

वा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. गुजरातीत याच वैलाला ओलो म्हणतात, त्यावरूनच इथली म्हण, ओलामांथी चूलामां पडवुं, आपलं आगीतून फुफाट्यात. म्हणजे बडोद्याला दोन्हीकडून शब्द तयार होता आणि आपण स्लो कुकर स्लो कुकर करत बसलो. 1931 साली सयाजीरावांनी इथेच राज्यकारभाराचा शब्दकल्पतरू छापून घेतला, एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. स्वयंपाकघराचं खातं तेवढं राहिलं.

अलकापुरी

वैल मस्तच. पण एक सांगतो, वैलावरचा राजमा म्हणून कच्चा राजमा यात लावू नका कोणी. तो भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळा उकळून मगच घालायचा, नुसत्या मंद आचेनं त्यातलं विषारी द्रव्य जात नाही. मसूर चालतो.

रावपुऱ्यातली सून

रविवारी परत केलं. गोळे ना टाकले ना सोडले, ठेवले. तासभर झाकणासमोर मांजरासारखी बसून होते. चांगले फुगले, आतून जाळीदार. मैद्यात ओवा पण घातला, अलकापुरीवाल्यांनी माफ करावं. वहीत "वैलावरचे गोळे" लिहिलंय, पण सासूबाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, छान झालीये ढोकळी.

मूळची जळगावची

काकूंना सांगा, ढोकळी लाटतात!!