कला-इतिहासाची स्लाइड टेस्ट बंद करावी का?

लाल_जांभा: मी एका विद्यापीठात कला-इतिहासाच्या कोर्सला टीचिंग असिस्टंट (टीए) आहे. शिकवतात सर, आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षांचे, पेपर तपासणं आणि मुलांना जुन्या गोव्याला नेणं माझ्याकडे. आमच्याकडे स्लाइड टेस्ट असते. पडद्यावर चित्र येतं, मिनिटभरात नाव, काळ, शैली लिहायची. माझ्या मते ही बंदच करावी.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चची स्लाइड आली की झाडून सगळे लिहितात: १६०५, बरोक, उघडा जांभा. पैकीच्या पैकी गुण. पण ती भिंत उघडी ठेवायला बांधलीच नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून आपला पाऊस जांभा खातोय. तिथे प्रत्यक्ष उभं केलं की कोणीतरी विचारतंच, दर्शनी भागातला कोरीव दगड काळा कसा? तो वसईकडचा बेसाल्ट. स्लाइड बघून हा प्रश्न आजवर कोणाला पडलेला नाही. त्यापेक्षा भिंतीसमोर तासभर उभं करा आणि दिसेल ते लिहून घ्या.

फोंडेकर: पाठांतर नको म्हणता, आणि तुमचा अख्खा मुद्दा १९५० च्या दशकावर उभा! तो काय भिंतीकडे बघून कळला? मंगेशी घ्या. १५६० मध्ये देव कुशस्थळीहून प्रियोळला हलवला हे ठाऊक नसलेला मुलगा तासभर घुमट न्याहाळेल आणि ‘पुरातन मंदिर’ लिहून घरी जाईल.

सत्तरीकर: मी असाच कोर्स केलाय. माझी प्राथमिक शाळा मराठी, इंग्रजी वाक्य आजही अडतं. स्लाइड टेस्टनेच मला तारलं. ‘दिसेल ते लिहा’ म्हटलं की गुण नजरेला मिळत नाहीत, इंग्रजीला मिळतात. पणजीच्या कॉन्व्हेंटमधली मुलं दोन पानं सहज भरतात, त्यात बघितलेलं काही असो वा नसो.

लाल_जांभा: @सत्तरीकर, हे बोचलं, पण खरं आहे. मग मराठी-कोंकणीत लिहू दे की! एका मुलीने कावीबद्दल, म्हणजे भिंतीवरच्या लाल-पांढऱ्या नक्षीबद्दल, ट्युटोरियलला कोंकणीत सांगितलं होतं: चुन्याचा गिलावा, त्यावर लाल हुरमुंजीचा थर, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा म्हणजे खालचा पांढरा वर येतो. नक्षी रंगवलेली नाही, कोरून काढलेली आहे, हे तिला नीट कळलं होतं. टेस्टमध्ये तिने शतक चुकवलं आणि तिथे शून्य.

सत्तरीकर: तुम्ही तपासाल हो. पुढच्या वर्षी टीए केरळचा आला तर?

खाजन: बाय, पन्नास-साठ वर्णनं वाचायची, वर कोणी रिव्हॅल्युएशन मागितलं की सात का आणि साडेसात का नाही ते सरांना पटवायचं. तुझी पीएचडी कोण लिहिणार? मानधन तेवढंच राहणार आहे.

लाल_जांभा: मानधनाचा विषय काढू नकोस, वेगळा धागा लागेल. बरं, टेस्ट राहू दे. साल मी स्लाइडवरच छापते. प्रश्न एकच: हे त्या काळातलं कशावरून? दोन ओळी, कुठल्याही भाषेत.

फोंडेकर: ‘कशावरून’ मान्य. साल छापायला मात्र माझा विरोध कायम. निदान शतक तरी त्यांचं त्यांना काढू द्या.

सत्तरीकर: आणि ‘कुठल्याही भाषेत’ हे प्रश्नपत्रिकेवर छापा. तोंडी सांगितलं तर लिहायला कोणी धजणार नाही.