सिनेमा-मालिकांतले फायर अलार्म ओळखणारं इथे आणखी कुणी आहे का?

लूपवाला

मी फायर अलार्मच्या मेंटेनन्समध्ये आहे. पिंपरी, चाकण, तळेगाव पट्ट्यातल्या कंपन्या, हॉस्पिटलं, सोसायट्या. पॅनल बघायचं, डिटेक्टर उतरवून साफ करायचे, धुराच्या स्प्रेने टेस्ट घ्यायची, हूटर वाजवायचे. जानेवारी आणि जुलै आमचे धावपळीचे महिने, कारण महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा 'फॉर्म बी' द्यावा लागतो. दिवसभर मान वर करून काम केलं की रात्री टीव्ही बघतानाही नजर छताकडेच जाते. समोर पात्रं भांडत असतात, मी मागच्या भिंतीवरचा एमसीपी (तो लाल 'काच फोडा' डबा) बघत असतो.

परदेशात हा रीतसर छंद आहे. कुठल्या मालिकेच्या कुठल्या भागात कुठल्या बनावटीचा हॉर्न दिसला, याच्या याद्या लोक ठेवतात. मराठीत कुणी असं करतं का, हे विचारायला हा धागा काढतोय.

मला यात गोडी का आहे ते सांगतो. कथेत शहर कुठलंही असू दे, भिंतीवरचा अलार्म खरं ठिकाण सांगून टाकतो. अमेरिकेत लाल डबीचा दांडा खाली ओढायचा असतो. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे काच फोडायची, नाहीतर मधली पट्टी आत दाबायची. त्यामुळे 'लंडनचं ऑफिस' म्हणून दाखवलेल्या कॉरिडॉरमध्ये ओढायचा दांडा दिसला की समजायचं, शूटिंग अटलांटिकच्या पलीकडे झालंय.

काळाचंही तसंच. अमेरिकेत भिंतीवर लखलखणारे दिवे, म्हणजे स्ट्रोब, सर्रास बसले ते दिव्यांगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्यानंतर. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना अलार्म दिसावा, हा हेतू. कथा १९७५ ची आणि शाळेच्या व्हरांड्यात स्ट्रोब, असं दिसलं तर कलाविभागाकडून तो झाकायचा राहिलाय. आवाजावरूनही कळतं. तीन ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा तीन ठोके, ही लय तिथल्या एनएफपीए ७२ या संहितेने जुलै १९९६ पासून नव्या यंत्रणांना सक्तीची केली. त्याआधी कुठे घंटा, कुठे सलग भोंगा. ऐंशीच्या दशकातल्या गोष्टीत ती तीन ठोक्यांची लय ऐकली की मला ते दृश्य पटतच नाही.

आवाजांच्या घोळावर बीबीसीच्या 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये १९७५ सालीच एक भाग होऊन गेलाय. हॉटेलात फायर ड्रिल ठरलेलं असतं. त्याआधी चोरांसाठीची घंटा वाजते, पाहुणे बाहेर पडायला लागतात आणि मालक त्यांना समजावत बसतो की ही ती घंटा नव्हे, आगीची अर्ध्या सुराने वर असते. लोक तो भाग विनोदासाठी बघतात. मी कारखान्यांत नेमकं हेच बघतो. शिफ्टचा भोंगा आणि आगीचा हूटर सारखाच वाटत असेल, तर खरा अलार्म झाला तरी माणूस डब्यातला घास संपवूनच उठतो.

तर दोन प्रश्न. मराठी किंवा हिंदी मालिका-चित्रपटांत तुम्हाला अशी उपकरणं स्पष्ट दिसली आहेत का? आणि आपल्या मालिकांतलं कुटुंब पंचविसाव्या मजल्यावर राहत असलं तरी त्यांच्या घरात, लिफ्टच्या लॉबीत, कुठेच काही का दिसत नाही?

मिसिसागाची मृण्मयी

लूपवालेदादा, मला वाटायचं हे वेड एकट्या मलाच आहे. मी अलार्मपेक्षा दारावरच्या पाट्या बघते. आमच्या भागात 'न्यूयॉर्क' म्हणून कितीतरी मालिकांचं शूटिंग चालतं. कॅनडाच्या २०१० च्या इमारत संहितेपासून नव्या इमारतींत लाल 'एक्झिट' अक्षरांच्या जागी धावणारा हिरवा माणूस आला. मूळ चिन्ह जपानच्या युकिओ ओता यांचं. अमेरिकेत अजून बहुतेक ठिकाणी अक्षरंच आहेत. 'मॅनहॅटन'च्या हॉस्पिटलात दारावर हिरवा माणूस पळताना दिसला की मी घरच्यांना लगेच सांगते, हे आपलं टोरांटो.

एक विचारायचं होतं. 'फ्रेंड्स'मध्ये २००१ चा एक भाग आहे, रात्रभर कुणालाच झोप लागत नाही तो. फीबीचा स्मोक अलार्म टूं टूं करत राहतो. ती बॅटरी काढते, आपटते, शेवटी कचऱ्याच्या शूटमध्ये टाकून देते आणि फायर ब्रिगेडचा माणूस तो परत आणून देतो. बॅटरी काढल्यावरही वाजतो हे खरं आहे का? इथे ओंटारियोत घराच्या प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्म लागतो आणि आमचा एक हमखास पहाटे तीनला चिवचिवायला लागतो.

लूपवाला

मृण्मयीताई, पाट्यांकडे आता मीही बघेन.

बॅटरी काढल्यावर वाजणं अगदी खरं आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा चार्ज उरतो, तेवढ्यावर तो आणखी काही वेळ चिवचिवतो. बॅटरी काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, चार्ज उतरतो आणि तो गप्प होतो. मग नवी बॅटरी घाला. घरच्या विजेवर चालणारा आणि बाकीच्यांशी वायरने जोडलेला असेल तर नुसती बॅटरी काढून भागत नाही, वीज चालूच असते. त्या भागात फटके देण्यात जो वेळ गेला, त्यात हे सगळं उरकलं असतं.

पहाटेचंही कारण आहे. रात्री घर थंड होतं, थंडीत बॅटरीचा व्होल्टेज आणखी पडतो आणि आधीच उतरलेली बॅटरी तेव्हाच इशाऱ्याच्या पातळीखाली जाते. अलार्मच्या मागे बनवल्याची तारीख छापलेली असते, ती बघा. दहा वर्षं झाली असतील तर बॅटरी नको, अख्खा अलार्मच बदला.

नाना डोंबिवली

आमची सोसायटी चौदा मजल्यांची. मी कमिटीवर आहे म्हणून लिहितो. मागच्या वर्षी सातव्या मजल्यावर मीटरच्या बॉक्समधून धूर यायला लागला. एक कॉलेजचा मुलगा लाल डब्यासमोरच उभा होता, पण त्याने काच फोडली नाही. धावत खाली वॉचमनकडे आला. नंतर विचारलं तर म्हणाला, "काका, काच फोडली की सगळ्या जिन्यात पाणी सुटतं ना? सिनेमात बघितलंय." वॉचमनने मेन स्विच पाडला म्हणून निभावलं. त्याचं बोलणं ऐकून आणखी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. लूपवाले, तुम्ही यातले आहात, एकदा नीट लिहा. मी प्रिंट काढून लिफ्टपाशी लावतो.

लूपवाला

नाना, हा मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काच फोडली की पाणी येत नाही. एमसीपी दाबल्यावर पॅनलला सिग्नल जातो आणि हूटर वाजतात. आपल्या सोसायट्यांत त्याचं काम एवढंच. पाण्याची यंत्रणा वेगळी आहे. छताला जो स्प्रिंकलर असतो, त्याच्या तोंडाशी काचेची बारीक नळी बसवलेली असते, करंगळीच्या पेरापेक्षाही छोटी. तिच्यात रंगीत द्रव असतो. लाल रंगाची नळी ६८ अंशांना फुटते, पिवळी ७९ ला, हिरवी ९३ ला. उष्णतेने द्रव फुगतो, नळी तडकते, तोंड उघडतं आणि तेवढ्याच एका स्प्रिंकलरमधून पाणी पडतं. शेजारचा स्प्रिंकलर त्याच्या स्वतःच्या नळीपाशी तेवढं तापमान पोचल्याशिवाय उघडत नाही. सिनेमात एकाने लायटर धरला की मजलाभर पाऊस पडतो, तसं सर्वसाधारण इमारतीत होत नाही. आणि ते पडद्यावरचं स्वच्छ पाणीही खोटं. वर्षानुवर्षं पाइपात साचलेलं पाणी काळपट आणि घाण वासाचं निघतं. ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडताना आम्ही आधी बाजूला सरतो.

दुसरी चुकीची समजूतही सिनेमाचीच. 'डाय हार्ड'मध्ये, १९८८ च्या, नायक इमारतीचा अलार्म वाजवतो आणि बंब निघतात. मग खलनायकाचा माणूस फोनवर सांगतो की अलार्म खोटा आहे आणि बंब वाटेतून परत फिरतात. खिडकीतून ते वळताना बघणाऱ्या नायकाचा चेहरा मला आजही आठवतो. पण आपल्या सोसायटीचा पॅनल सहसा अग्निशमन दलाला जोडलेला नसतो. हूटर वाजला म्हणजे बंब निघाला असं नाही. १०१ ला फोन कुणीतरी करावाच लागतो. प्रिंटमध्ये ही ओळ मोठ्या अक्षरात घ्या: आधी काच, मग जिना, मग १०१. लिफ्ट नाही.

जमलं तर एखाद्या रविवारी त्या मुलाच्याच हाताने एमसीपीची टेस्ट करून घ्या. बऱ्याच डब्यांना काच न फोडता टेस्ट करायची किल्ली असते, तुमच्या मेंटेनन्सवाल्याकडे मागा. एकदा स्वतः वाजवला की भीती जाते.

माझ्याच पहिल्या प्रश्नाचं थोडं उत्तरही देतो. अलार्मच्या बाबतीत भारतीय पडद्यावर ज्याने मला सगळ्यात जास्त हलवलं, त्यात अलार्म वाजतच नाही. 'ट्रायल बाय फायर', २०२३ ची मालिका, दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीवर. १३ जून १९९७, ५९ माणसं गेली. तळमजल्याच्या ट्रान्सफॉर्मरपाशी सुरू झालेल्या आगीचा धूर वर बाल्कनीत पोचला आणि तिथल्या लोकांना सावध करणारी घोषणा झाली नाही. समोर चित्रपट चालू होता. या कामातल्या माणसाने ती मालिका बघताना प्रत्येक मिनिटाला वाटतं, आता कुणीतरी काहीतरी वाजवा.

तात्पुरतं घर

मी गोरेगावला मालिकांच्या कलाविभागात आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. डिटेक्टर दिसत नाही कारण सेटला छतच नसतं. भिंती प्लायच्या, वर उघडं, आणि त्याच्यावर लाइट टांगलेले. कॅमेरा वर गेला तर घराच्या जागी लाइट आणि केबल दिसतील, म्हणून तो वर जातच नाही. लिफ्टची लॉबी तर बहुधा एक दार आणि एक भिंत एवढीच असते.

खऱ्या ऑफिसात किंवा हॉटेलात शूटिंग असेल तेव्हा उलटी गंमत. धुराचं मशीन चालवायचं म्हटलं की लोकेशनचा माणूस हातात प्लास्टिकच्या टोप्या घेऊन हजर. डिटेक्टरवर टोप्या, शॉट ओके, टोप्या काढा. एखादी टोपी राहते आणि एडिटला कुणाच्या लक्षात येत नाही.

सेटवरच्या आगीची भीती मात्र आम्हाला सगळ्यांनाच असते. प्लाय, कापड, रंग, थर्माकोल, वर गरम लाइट. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओतला मोठा स्टेज १६ सप्टेंबर २०१७ ला जळाला, तेव्हा जुन्या चित्रपटांचे कपडेही गेले. आमच्याकडे ते नाव निघालं की सगळे गप्प होतात.

आता माझं काम. पुढच्या महिन्यात हॉस्पिटलचा कॉरिडॉर उभा करायचाय आणि या वेळी दिग्दर्शकाला वरून छत दाखवायचंय, म्हणजे फॉल्स सीलिंग लागणार. डिटेक्टर कुठे लावू म्हणजे तुमच्यासारख्याला खटकणार नाही?

लूपवाला

सेटला छत नसतं, हे इतकी वर्षं टीव्ही बघून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लिहिलंत म्हणून आभार. आणि ती राहिलेली टोपी! मी ती चित्रपटांत पाहिली आहे, खऱ्या इमारतींतही पाहतो. नव्या ऑफिसात रंगकाम संपतं, लोक राहायला येतात आणि डिटेक्टरवर टोपी तशीच. पॅनल 'नॉर्मल' दाखवतं आणि डिटेक्टरला धूर कधी लागणारच नसतो. शूटिंगनंतर तुमच्या माणसाने टोप्या मोजूनच परत घ्याव्यात, जितक्या दिल्या तितक्या. पॅनलवर तो झोन बंद केला असेल तर तोही चालू झालाय हे उभं राहून बघावं.

आता कॉरिडॉर. डिटेक्टर छताच्या मधल्या रेषेवर घ्या. भिंतीपासून निदान अर्धा मीटर लांब, एसीच्या जाळीपासून मीटरभर तरी दूर. सेटवर तो जाळीला चिकटवून लावलेला असतो आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकतं, कारण हवेच्या झोताने धूर त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. नुसती पांढरी चकती चिकटवू नका, खाली बेस दिसला पाहिजे. लाल एलईडी चमकवायचा असेल तर काही सेकंदांनी एकदा, मिणमिणता. तो सतत पेटलेला असेल तर जाणकाराच्या दृष्टीने अलार्म झालेला आहे आणि तुमच्या नर्सेस शांतपणे चहा पिताहेत. हॉस्पिटलच्या पँट्रीत मात्र स्मोक डिटेक्टर दाखवू नका, तिथे हीट डिटेक्टर असतो.

एमसीपी जिन्याच्या दाराशेजारी, जमिनीपासून साधारण १.४ मीटरवर. खुर्चीच्या किंवा कुंडीच्या मागे नको. हूटर त्याच्या वर, छताच्या जरा खाली.

बदललेले जुने ऑप्टिकल डिटेक्टर आमच्याकडे पडून असतात, ते तुम्हाला देता येतील का हे मी ऑफिसात विचारतो. फक्त भंगारातून स्वतः घेणार असाल तर मागचं लेबल वाचा. काही जुन्या आयोनायझेशन डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-२४१ असतं आणि लेबलवर किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं चिन्ह असतं. तसला मिळाला तर खोलू नका, रंगवू नका, त्यात एलईडीसाठी भोक पाडू नका. तो भंगारात टाकायचा नसतो, पुरवठादाराकडे परत द्यायचा असतो.

सीलिंगचा नकाशा झाला की इथेच टाका, खुणा करून देतो.