संकेतस्थळावरील जाहिरातींसाठी शोधसुविधा उभारता येते काय?

प्रश्न: संकेतस्थळचालक, मोर्शी (जि. अमरावती)

नमस्कार मंडळी. मोर्शी-वरूड पट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी आम्ही एक मराठी संकेतस्थळ चालवतो. बाजार समित्यांचे भाव, हवामान आणि पीकसल्ला हा त्यावरील मुख्य मजकूर असून त्याच्या जोडीला दोन प्रकारच्या जाहिराती असतात. काही जाहिराती आम्ही स्वतः गावोगावी फिरून घेतो. त्यांत संत्र्याच्या रोपवाटिका, कृषी सेवा केंद्रे, मळणीयंत्र भाड्याने देणारे आणि बैलजोडी विकायला काढलेले शेतकरी असतात. उरलेल्या जागेत गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरात सेवेच्या जाहिराती येतात आणि त्यांतील कोणती जाहिरात कोणाला दिसेल, हे आमच्या हातात नसते.

वाचकांची तक्रार अशी आहे की, रात्री ठिबक संचाची जाहिरात पाहावी, घरात विचार करावा आणि सकाळी पुन्हा पान उघडावे, तर त्या जागी भलतेच काही असते. म्हणून पानाच्या माथ्यावर शोधपेटी द्यावी आणि दोन्ही प्रकारच्या जाहिराती तीत शोधता याव्यात, असा आमचा विचार आहे. ॲडसेन्सच्या जाहिराती आमच्याच पानावर दिसतात, मग त्यांची नोंद ठेवून त्या शोधण्याजोग्या करणे नियमात बसते काय? शिवाय इतर संकेतस्थळांवरील जुन्या ट्रॅक्टरांच्या जाहिराती एकत्र करून दाखवल्या तर चालेल काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: संगणक व्यावसायिक, यवतमाळ

भाऊ, ॲडसेन्सच्या जाहिरातींना हात लावू नका, हे आधी स्पष्टपणे सांगतो. प्रकाशकाने, म्हणजे तुमच्यासारख्या संकेतस्थळचालकाने, मान्य केलेल्या अटींमध्येच अशी मनाई आहे की, जाहिरातींमधून मिळणारी माहिती यंत्राद्वारे गोळा करायची नाही, तिची सूची बनवायची नाही आणि ती कायमस्वरूपी साठवायची नाही. तुम्हाला जे करायचे आहे, त्याचेच हे वर्णन आहे. आपल्या गावात घराची भिंत बियाण्याच्या कंपनीला रंगवायला देतात, तेव्हा भिंत आपली राहते, पण तिच्यावरचे चित्र आणि मजकूर कंपनीचाच असतो. तुमच्या पानावरील त्या चौकटीचेही तसेच आहे.

नियम बाजूला ठेवला तरी ही कल्पना तांत्रिकदृष्ट्या टिकणारी नाही. वाचक पान उघडतो, त्या क्षणी त्या जागेचा लिलाव होतो आणि वाचकाचे ठिकाण, त्याचा फोन, पानावरील मजकूर, त्याने पूर्वी पाहिलेल्या गोष्टी आणि जाहिरातदाराने लावलेली बोली यांवरून जाहिरात ठरते. एकाच खाटेवर बसून बाप आणि लेक तेच पान आपापल्या फोनवर उघडतील, तर दोघांना वेगळ्या जाहिराती दिसू शकतात. मग तुम्ही नोंदवणार कोणाची जाहिरात? ती चौकटही तुमच्या पानाचा भाग नसते. दुसऱ्या ठिकाणाहून आणलेले ते वेगळे पान असते आणि सुरक्षेच्या कारणास्तव ब्राउझर तुमच्या पानाला त्याच्या आत डोकावू देत नाही.

दुव्याचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. जाहिरातीवर बोट ठेवताच वाचक थेट दुकानदाराकडे जात नाही. आधी जाहिरात कंपनीकडे त्या क्लिकची नोंद होते, जाहिरातदाराच्या खात्यात खर्च पडू शकतो आणि मग तो पुढे जातो. असा दुवा साठवून तुमच्या निकालपानावर दिलात, तर जाहिरात न दाखवताच क्लिक नोंदवले जाऊ लागतील. कंपनी त्यांना अवैध क्लिक मानते, त्यावरील उत्पन्न परत घेते आणि अनेकदा खातेच बंद करते. ‘येथे दाबून आम्हाला मदत करा’ असे लिहायलाही परवानगी नाही. जाहिरातींच्या वर ‘जाहिराती’ यासारखे साधे शीर्षक चालते, त्याहून अधिक आमंत्रण चालत नाही.

वाचकाची गरज मात्र खरी आहे आणि तिला वाट आहे. गूगलने मार्च २०२३ मध्ये जाहिरात पारदर्शकता केंद्र सुरू केले असून तेथे जाहिरातदाराच्या नावाने शोधता येते. फेसबुकच्या कंपनीचेही जाहिरात ग्रंथालय आहे आणि त्यात सध्या चालू असलेल्या जाहिराती कोणालाही पाहता येतात. या कंपन्यांनी स्वतःच्या नोंदींवर उभारलेल्या या सुविधा आहेत. त्यांचे दुवे आणि वापरण्याची रीत मराठीत समजावून देणारे एक पान तुम्ही तयार केलेत, तर त्याला कोणाचीच हरकत असणार नाही.

तुमच्या संकेतस्थळावरील लेख आणि भाव शोधण्यासाठी गूगलची प्रोग्रामेबल सर्च ही सुविधा जोडता येते. तिची मोफत आवृत्ती निकालांसोबत गूगलच्याच जाहिराती दाखवते आणि शोधपानावरील जाहिरातींच्या उत्पन्नातून प्रकाशकाला वाटा मिळण्याचीही सोय आहे. गूगलच्या जाहिराती आणि शोध यांना जोडणारा, नियमाने मान्य असलेला एक प्रकार हा आहे.

उत्तर: वकील, अकोला

वरील उत्तराशी मी सहमत आहे. कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो.

दुसऱ्यांच्या संकेतस्थळावरून जाहिराती उचलण्याचा विचार सोडून द्यावा. जाहिरातीतील छायाचित्र आणि मजकूर यांना स्वामित्व हक्क कायदा, १९५७ चे संरक्षण असू शकते. ट्रॅक्टरचे मॉडेल, वर्ष आणि किंमत ही निव्वळ तथ्ये आहेत आणि त्यांवर कोणाची मालकी नसते, हे खरे आहे. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ श्रम पुरेसे न मानता किमान सर्जनशीलतेची अपेक्षा ठेवली आहे. तथापि एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, कारण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीवाचून संगणकातून माहिती किंवा माहितीसंच उतरवून घेण्याबद्दल नुकसानभरपाईची तरतूद आहे. शिवाय त्या संकेतस्थळाच्या वापराच्या अटी वेगळ्याच असतात. ट्रॅक्टर विकणाऱ्यालाच विचारून त्याची जाहिरात नव्याने घ्या; वरूडचा माणूस असेल तर एका फोनचे काम आहे.

तुम्ही स्वतः घेतलेल्या जाहिराती शोधण्याजोग्या करण्यास कायद्याची आडकाठी नाही. जाहिरात घेताना जो अर्ज भरून घेता, त्यात ‘ही जाहिरात वर्गवारी करून शोधसूचीत दाखवण्यास माझी संमती आहे’ हे वाक्य घाला. बैलजोडी विकणाऱ्याचा फोन क्रमांक ही त्याची वैयक्तिक माहिती असल्यामुळे, तो कुठे आणि किती काळ दिसेल, तेही तेथेच लिहा.

मला जास्त काळजी निकालांच्या क्रमाची वाटते. पैसे घेऊन एखाद्या केंद्राचे नाव वर आणणार असाल, तर तेथे ‘सशुल्क’ असे ठळक लिहिलेच पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये वेषांतर केलेली जाहिरात हा ग्राहकाची दिशाभूल करणारा प्रकार मानला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये गूगल आणि डीआरएस लॉजिस्टिक्स यांच्या प्रकरणात म्हटले की, शोधशब्द विकणारी कंपनी जाहिरात व्यवहारात सक्रिय सहभागी असते आणि मध्यस्थाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार मिळणारे संरक्षण तिने आपोआप गृहीत धरू नये. ते प्रकरण व्यापारचिन्हांविषयीचे होते आणि तुमचा व्याप लहान आहे. तरीही एका कृषी केंद्राच्या नावाने शोधणाऱ्याला पैसे घेऊन दुसऱ्याच केंद्राची जाहिरात आधी दाखवायची नाही, हे पथ्य पाळावे.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये प्रकाशकावरही दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात जाहिरात छापली, हा बचाव उपलब्ध आहे. मात्र ती मागे घेण्याचा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा आदेश माहीत असूनही चालू ठेवल्यास तो बचाव मिळत नाही.

उत्तर: रोपवाटिकाधारक, वरूड

मी जाहिरात देणारी आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. अशी शोधसुविधा आमच्या भागात व्हावी, असे मला मनापासून वाटते. मृगाचा पाऊस पडला की लागवडीसाठी कलमांची विचारणा सुरू होते आणि त्या थोड्या आठवड्यांत शेतकऱ्याला नेमकी माहिती मिळाली नाही, तर तो रस्त्याकडेला टेम्पोत विकायला आलेली रोपे घेतो. झाड फळावर येईपर्यंत काही वर्षे जातात आणि फसगत झाल्याचे तेव्हा कळते. तेवढ्या वर्षांचा खर्च कोणी भरून देत नाही.

म्हणून भाऊ, केवळ ‘संत्रा कलम’ एवढेच शोधता येऊन भागणार नाही. कलम कोणत्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, बांधले आहे, जंबेरीवर की रंगपूर लाइमवर, हे शेतकरी पहिल्यांदा विचारतो. डोळा (कलमाची कळी) जमिनीपासून किती उंचीवर भरला आहे, कलमाचे वय किती, मातृवृक्ष कुठला आणि रोपवाटिकेचा परवाना क्रमांक काय, हे रकाने जाहिरातीतच ठेवा. परवाना क्रमांक न देणाऱ्याची जाहिरात घेऊच नका, ही माझी विनंती आहे. तुमचे एक गिऱ्हाईक कमी होईल, पण संकेतस्थळावर लोक विश्वास ठेवतील. बियाण्यांच्या बाबतीतही तेच आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला देशात परवानगी नसताना ते आपल्याकडे चोरून विकले जाते. तशी जाहिरात आडवळणाच्या शब्दांत आली, तरी ती ओळखून परत करावी लागेल.

बहुतेक दुकानदार तुम्हाला व्हॉट्सॲपवर रंगीत चित्र पाठवतील. चित्रातील अक्षरे शोधपेटीला सापडत नाहीत, म्हणून मजकूर वेगळा टंकून घ्यावा लागेल. तेही काम धरून चला.

पुन्हा प्रश्नकर्ता, मोर्शी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ॲडसेन्सच्या जाहिराती शोधातून पूर्णपणे वगळतो आणि इतर संकेतस्थळांवरून काहीही घेणार नाही. ताईंनी सुचवलेले रकाने जाहिरातीच्या अर्जात घालतो. आता दोन शंका उरल्या आहेत. आमच्या शोधाच्या निकालपानावर ॲडसेन्सची चौकट ठेवता येईल काय? आणि मुदत संपलेल्या जाहिरातींचे काय करावे?

उत्तर: संगणक व्यावसायिक, यवतमाळ

चौकट ठेवता येईल, पण निकालांपेक्षा जाहिराती जास्त दिसता कामा नयेत आणि शोध रिकामा आला असेल, तर त्या पानावर चौकट अजिबात येऊ देऊ नका, कारण मजकूर नसलेल्या पानावर जाहिरात लावायला मनाई आहे. तुमच्या जाहिरातदारांची नोंद आणि ॲडसेन्सची चौकट यांचे रंग, आकार आणि मांडणी वेगळी ठेवा. दोन्ही सारख्या दिसू लागल्या की, वाचक रोपवाटिका समजून भलत्याच दुव्यावर जाईल आणि ते नियमातही बसत नाही.

शोधपेटीला आपल्या भागातले शब्द शिकवायला विसरू नका. कोणी कापूस लिहील, कोणी कपाशी, कोणी पऱ्हाटी. तिघांनाही एकच निकाल मिळायला हवा. ‘सोयाबीन’ आणि ‘सोयाबिन’, मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचीही जुळणी करून ठेवा. ‘पऱ्हाटी’तील ऱ्ह संगणकात दोन प्रकारे टंकला जातो, त्यामुळे साठवण्याआधी तो एका रूपात आणावा लागतो.

मुदत संपलेली जाहिरात त्याच दिवशी शोधातून काढा आणि बैलजोडी विकली गेल्याचे कळताच फोन क्रमांकही उतरवा. जाहिरातीची प्रत, अर्ज आणि पावती मात्र आपल्या दप्तरी ठेवा. कोणा शेतकऱ्याने तक्रार केली, तर जाहिरातदाराने नेमके काय लिहून दिले होते, हे तुम्हाला दाखवता आले पाहिजे.