मदत हवी आहे : दुकानातल्या टेबलासाठी पुस्तकं सुचवा

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका पुस्तकांच्या दुकानात काम करते. २७ फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या म्हणजे कवी कुसुमाग्रजांच्या जयंतीला, आम्ही एक टेबल मांडतोय. दुकानातल्या प्रत्येकाने अलीकडे वाचून आवडलेलं पुस्तक ठेवायचं, सोबत हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी.

अडचण अशी की आम्ही चौघंही कादंबरीवाले! त्यातल्या तिघांनी कृष्णात खोत यांची 'रिंगाण'च निवडली. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, धरणामुळे उठलेल्या माणसांची गोष्ट. गंगापूर धरणाचं पाणी पिणाऱ्या शहरात ती हवीच, पण तीनदा?

तर गेल्या तीन-चार वर्षांतलं विज्ञान, प्रवास, कविता, रहस्यकथा यातलं काही सुचवाल का? आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठीही हवंय. पालक हमखास विचारतात आणि आम्ही तीच जुनी नावं पुढे करतो. अनुवाद चालेल, फक्त अनुवादकाचं नावही सांगा. किंमत तीनशेच्या आत असेल तर उत्तम.

आणि 'अप्रतिम', 'वाचलंच पाहिजे' एवढंच नको हं. कुठल्या पानावर चहा गार झाला ते लिहा, चिठ्ठीत तेच घालायचंय.