रोल केजची नळी आणि पायांखालचा पत्रा : मदत हवी आहे

नमस्कार. हौशी ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानावरील, घड्याळाविरुद्धच्या मोटार शर्यतीसाठी) आम्ही दोघे भाऊ सांगलीत जुनी मारुती एस्टीम तयार करत असून तिला रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) बसवायचा आहे. एफआयएच्या (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमांतील परिशिष्ट जे, कलम 253 प्रमाणे मुख्य कमानीला (सीटमागच्या उभ्या कमानीला) किमान 45 मिमी व्यासाची व 2.5 मिमी जाडीची सीमलेस (बिनजोड) कार्बन स्टीलची नळी चालते. कुपवाड एमआयडीसीतले फॅब्रिकेटर मात्र ईआरडब्ल्यू (पत्रा गोल वळवून लांबीभर वेल्ड केलेल्या) पाइपचाच आग्रह धरतात, कारण ती लगेच मिळते. तिच्या तोंडाशी आतून बोट फिरवले की जोडाची रेघ हाताला लागते, आणि गाडी उलटल्यास नेमका वाकापाशी तो जोड उकलेल अशी धास्ती वाटते.

खरी अडचण केजच्या पायांची आहे. कमानींच्या प्रत्येक पायाखाली 3 मिमी जाडीची, किमान 120 चौरस सेंमीची प्लेट बॉडीला वेल्ड करावी लागते. आमच्या गाडीत चालकाच्या सीटमागचा पत्रा गंजून त्याचे पापुद्रे सुटत आहेत. तेवढा पत्रा कापून नवा घालावा, की शेलच (गाडीचा पूर्ण सांगाडाच) बदलावे? पुट्टी मारून झाकण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये.

मिरज-कोल्हापूर भागात नळी न तापवता, व्यासाच्या तिप्पट त्रिज्येत, न चेपता वाकवून देणारे कारागीर कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे.