मदत हवी आहे : नेपाळ भूकंपानंतरच्या शाळांच्या नोंदी

एम.ए.च्या प्रबंधासाठी नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या सरकारी शाळांवर काम करतेय. भूकंप झाला त्या दिवशी, 25 एप्रिल 2015 ला, शनिवार होता, नेपाळात सुट्टीचा वार, म्हणून वर्ग रिकामे होते. (एरवी काय झालं असतं, विचारही नको.) 31 मेला शाळा उघडल्या त्या बांबू-पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गांत. पक्की इमारत कोणत्या शाळेला कधी मिळाली, हे मला शाळावार हवंय. पुनर्निर्माण प्राधिकरण आणि युनिसेफचे अहवाल चाळले, पण हाती लागले ते एकत्रित आकडे. प्राधिकरण तर 2021 अखेरीस गुंडाळलंच. नेपाळी वाचता येतं. प्रत्यक्ष जाणं मात्र जमणार नाही. 2017 पासून शाळा स्थानिक पालिकांकडे आहेत, तर जुन्या नोंदी गाउँपालिकेकडे (ग्रामीण भागातली स्थानिक पालिका) मागायच्या की जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाकडे? ईमेलला उत्तर देतात का?